पकड : तालमीतली आणि कातळावरची

धुळ्यात पूर्वी पैलवान ओळखू यायचा तो कानांवरून. मातीत घासून मोडलेले, सुजून घट्ट झालेले कान दिसले की टपरीवरच्या बाकावर आपोआप जागा व्हायची. वस्तादांची पारख मात्र वेगळी असे. नवा पोरगा तालमीत आला की ते त्याची छाती पाहत नसत की मांडी. स्वतःचं मनगट पुढे करत आणि म्हणत, "धर." पोराने धरायचं, वस्तादांनी सोडवायचं. बहुतेकांचा हात पहिल्याच हिसक्याला सुटे. एखाद्याचा मात्र दोन-तीन हिसके खाऊनही टिकून राही. मग वस्ताद विचारत, "घरी म्हशी किती?"

प्रश्न चेष्टेचा नव्हता. दोन्ही वेळा मुठीने धारा काढणाऱ्या पोराचा हात लगेच कळतो. बोटं एकामागून एक मिटायची, अंगठ्याने दाब धरून ठेवायचा, आणि म्हशीने पान्हा चोरला तर तोच दाब न वाढवता धीराने चालू ठेवायचा. कुस्तीत पकड लागते ती अशीच, दाब कमी-जास्त करता येणारी. पट काढला पण घोटा हातातून निसटला, ढाक मारायला घेतली पण मनगट सुटलं, की डाव गेलाच. वर आपणच खाली. म्हणून आमच्या तालमीत एक वाक्य उठता-बसता ऐकू यायचं : आधी हात, मग डाव.

मी तालमीत जाऊ लागलो ते दिवस 1970च्या आसपासचे. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा 1961 साली सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी, 1962 ला, ती धुळ्यात भरली होती. भगवान मोरे यांनी ती जिंकली. आम्ही लंगोट बांधायला शिकलो तेव्हाही म्हातारी मंडळी त्या कुस्त्या कालच झाल्यासारख्या सांगत, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात निकालाची कुस्ती थोडी अधिक लांबत जाई. नंबरांच्या गल्ल्यांच्या या शहरात तेव्हा तालमीला जाणं यात विशेष काही नव्हतं. शाळा, पांझरा नदीत पोहणं आणि तालीम, असा पोरांचा दिवस होता.

तेव्हा पकडीसाठी वेगळा व्यायाम असा कुणी फारसा करत नसे. ती कामातून यायची. कपाशीचा हंगाम संपला की शेत रिकामं करायला पऱ्हाट्या उपटाव्या लागत. कोरडी काळी जमीन, खोल गेलेली मुळं, खरबरीत दांडा. कमरेत वाकायचं, दांडा बुडाशी दोन्ही हातांनी धरायचा, पाय रोवायचे आणि कंबर वर आणायची. पट काढण्यातली अर्धी हालचाल हीच. दिवसभरात एका माणसाला अशा शेकडो पऱ्हाट्या उपटाव्या लागत, तळहातांची साल निघे, आणि संध्याकाळी तोच माणूस तालमीत येऊन जोर मारी. भुईमूग उपटणं, पोहऱ्याने पाणी शेंदणं, बाजारात कापसाची ओझी चढवणं, या सगळ्यात हाताला वेगवेगळ्या जाडीच्या, वेगवेगळ्या पोताच्या वस्तू धरायची सवय लागायची. हमाली करणारे कितीतरी जण यात्रेच्या दंगलीत उतरत आणि नाव असलेल्या पैलवानालाही घाम फोडत.

आणि विहिरी. आमच्याकडच्या जुन्या बांधीव विहिरींत उतरायला भिंतीतून पुढे आलेले दगड ठेवलेले असत. ते अंतराअंतरावर, कुठे तुटलेले, कुठे शेवाळलेले. पोहून झालं की वर यायला तेवढीच वाट. ओले हात, ओले पाय, खाली पाणी. तिथे आपोआप कळायचं की अंग भिंतीला जितकं चिकटलेलं तितका हातावर भार कमी, आणि वर चढायचं असतं ते पायांनी. हात फक्त तोल धरतात. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. आज शहरातल्या क्लाइंबिंगच्या भिंतीवर पहिल्या दिवशी प्रशिक्षक नेमकं हेच सांगतो, तेव्हा मला त्या विहिरी आठवतात.

तालमीत पकडीचा जो काही नेमून दिलेला व्यायाम होता, तो मलखांबावर. सागवानी किंवा शिसवी खांब, जमिनीवर सुमारे साडेआठ फूट, वर निमुळता होत गेलेला आणि अंगभर एरंडेल लावलेला. त्याला हाताने धरून भागत नाही. मांड्यांनी अढी घालावी लागते, काखेत दाबावा लागतो, सगळ्या अंगाने आवळावा लागतो. मल्लस्तंभाचा उल्लेख 12व्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात आहे, म्हणजे पैलवानाने खांबावर चढून कस वाढवायचा ही कल्पना फार जुनी. ती पुन्हा जिवंत केली दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी.

मलखांबवाले त्यांची कथा आजही सांगतात. हैदराबादहून अली आणि गुलाब हे दोन पैलवान पेशव्यांच्या दरबारात आव्हान घेऊन आले. कुणी पुढे होईना. कोवळ्या वयाच्या बाळंभटदादांनी ते उचललं, तयारीसाठी मुदत मागितली आणि ते थेट वणीच्या सप्तशृंगगडावर गेले. तिथे वानरांच्या झाडावरच्या हालचाली पाहून त्यांना खांबावरचा व्यायाम सुचला, आणि परत येऊन त्यांनी कुस्ती मारली. कथेत श्रद्धेचा भाग किती आणि इतिहासाचा किती, हे ज्याने त्याने ठरवावं. पण गड आमच्या ओळखीचा आहे. चैत्रात खानदेशातून हजारो माणसं पायी वणीला जातात, आणि त्या उभ्या कड्याखाली मान वर करून उभं राहिलं की कुस्तीची तयारी करायला माणूस इथेच का आला असेल, याचं फार नवल वाटत नाही. सरळ सांगायचं तर चढण्यातून कुस्तीची ताकद कमवण्याची आपली सगळ्यात प्रसिद्ध कथाच मुळी या कड्याशी बांधलेली आहे.

मलखांबाच्या जोडीला छताच्या तुळईला बांधलेला रस्सा असे. पायांचा आधार न घेता नुसत्या हातांवर तो चढून जाणाऱ्याला तालमीत मान होता. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. दोरीवर चढण्याची शर्यत ऑलिंपिकमध्ये 1896, 1904, 1924 आणि 1932 साली जिम्नॅस्टिक्सचा भाग म्हणून झाली. नंतर ती गेली. त्याच दोरीवर कसलेला जॉन गिल नावाचा अमेरिकन जिम्नॅस्ट आणि गणिताचा प्राध्यापक 1950च्या दशकात मोठ्या दगडांवर चढू लागला. जिम्नॅस्ट हाताला लावतात ती मॅग्नेशियमची पांढरी पूड त्याने कातळावर नेली, आणि बोल्डरिंग नावाचा खेळ त्याच्यापासून नव्याने आकाराला आला. आपल्याकडे आखाड्यात उतरल्यावर दोन्ही हातांवर माती चोळतात, प्रतिस्पर्ध्याच्या अंगावरही टाकतात. पूड आणि माती दोन्हींचं काम एकच : घाम शोषायचा आणि हात घसरू द्यायचा नाही.

कातळावर आम्हीही चढायचो, पण त्याला व्यायाम म्हणायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत शेतांमधून, माळांवरून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती गेलेल्या दिसतात. परक्या माणसाला वाटतं कुणी राजाने तट बांधला असेल. खरं तर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला त्या काळात जमिनीच्या भेगांत शिरलेला तप्त रस तिथेच थिजला. पुढे आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि हा चिवट दगड भिंतीसारखा उभा राहिला. बहुतेक भिंती पूर्व-पश्चिम धावतात. भूवैज्ञानिक या सगळ्यांना मिळून नंदुरबार-धुळे डाइक समूह म्हणतात आणि जगभरचे अभ्यासक त्यावर लिहितात. आम्हाला त्या बोरं खायला आणि गुरं राखताना चढून बसायला होत्या. दगड चौकोनी तुकड्यांत तडकलेला, धार असलेला. बोटं अडकवायला खाचा भरपूर.

दुसरी जागा लळिंगची. शहरापासून दोन कोसांवर, आग्रा रोडला लागून असलेला फारुकी राजांच्या काळातला किल्ला. वर कातळात खोदलेली टाकी, खाली कुरण, आणि उतारावर गडगडत येऊन थांबलेले घराएवढे दगड. रविवारी तालीम बंद असली की आम्ही तिथे. सोमवारी बोटांची सालं निघालेली पाहून वस्ताद रागवायचे. "माकडचाळे कमी करा आणि बैठका वाढवा." बाळंभटदादांची कथा त्यांनीच आम्हाला सांगितलेली होती, पण हे त्यांना दाखवून देण्याची कुणाची छाती नव्हती.

आता चित्र पालटलं आहे. विहिरीवर पंप आले आणि पोहरा गेला. पऱ्हाट्या ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरखाली जातात. म्हशी कमी झाल्या, जिथे आहेत तिथे दूध काढायला यंत्रं येत आहेत. याचं मला दुःख नाही. पऱ्हाट्या उपटणाऱ्या बाईमाणसाच्या हातांकडे ज्याने पाहिलं आहे, तो त्या कामाचं कौतुक करत बसणार नाही. पण पैलवानाच्या बाबतीत एक गोष्ट घडली. जी पकड तालमीबाहेर फुकट मिळायची, ती मिळेनाशी झाली आणि तिच्या जागी काय आणायचं, हे ठरवायला आपण विसरलो.

जागा भरली ती जिमने. जिम वाईट नाही. पाठ, मांड्या, खांदे तिथे उत्तम होतात. पण वजनाचा लोखंडी दांडा 28 मिलिमीटर जाडीचा, सगळीकडे सारखा, खरबरीत केलेला, हातात बरोबर मावणारा. मूठ पूर्ण मिटते. प्रतिस्पर्ध्याचं घामाने भिजलेलं मनगट, त्याचा घोटा, त्याची मान यांतलं काहीच मुठीत मावत नाही. तिथे हात अर्धवट उघडा राहतो आणि उघड्या हाताने आवळावं लागतं. ही ताकद दांड्यावर फार थोडी येते. मी कितीतरी तरणीबांड पोरं पाहतो : दंड भरलेले, पण हातात मनगट आलं की दुसऱ्या हिसक्याला सुटतं.

खेळही बदलला. मातीतली कुस्ती चितपट होईपर्यंत चालायची, मध्ये पैलवान दम घेत, एकमेकांना नुसते रेटत उभे राहत. गादीवरच्या फ्रीस्टाइलला तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. सहा मिनिटांत गुण मिळवायचे, म्हणजे हात सतत कामात. बोटं मिटवणारे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली, हाताच्या पुढच्या भागात असतात. जोराने आवळलं की त्या स्नायूंतला रक्तपुरवठा दाबला जातो आणि थोड्या वेळात हात भरून येतात. भरलेल्या हातांनी बोटं नीट मिटतही नाहीत, उघडतही नाहीत. कुस्ती शेवटच्या मिनिटात हरली जाते ती पुष्कळदा इथे.

इथे कातळ कामाला येतो. गेल्या काही वर्षांत परदेशातले ज्युडो आणि कुस्तीचे खेळाडू पूरक व्यायाम म्हणून भिंतीवर चढताना दिसतात, आणि त्यांचे व्हिडिओ पाहून आमच्याकडची काही पोरंही रविवारी लळिंगच्या पायथ्याशी दगडांना भिडू लागली आहेत. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून चढणं हा ऑलिंपिकचा खेळ झाला, त्यामुळे घरच्यांनाही आता ते माकडचाळे वाटत नाहीत. कातळावर प्रत्येक पकड वेगळी. कुठे तळहात पसरून दाब द्यायचा, कुठे दोन बोटं, कुठे अंगठा आणि बोटांच्या चिमटीत कड. शरीर लोंबकळत असताना पोट आणि कंबर आवळून ठेवावी लागते, नाहीतर पाय सुटतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किती आवळायचं याचं माप कळतं. नवखा माणूस भीतीने सगळा जोर लावतो आणि क्षणात त्याचे हात भरतात. सरावलेला गडी गरजेपुरतंच धरतो, एक हात मोकळा करून झटकतो, रक्त फिरू देतो, मग पुढे जातो. हाच माणूस गादीवर उतरला की पाचव्या मिनिटालाही त्याचा हात जिवंत असतो.

मात्र जुन्या लोकांना माहीत नव्हतं असं काही आज माहीत आहे, आणि ते ऐकायला हवं. स्नायू काही आठवड्यांत वाढतो, पण त्याला हाडाशी जोडणारी कंडरा सावकाश कणखर होते. बोटांतल्या कंडरा छोट्या कड्यांमधून जातात. बोटं पूर्ण दुमडून बारीक खाचेवर सगळं वजन टाकलं की या कड्यांवर ताण येतो आणि त्या फाटतात. अनामिकेला हे दुखणं जास्त होतं. पैलवान तर गिर्यारोहकापेक्षा वजनाने भारी. ऐंशी-नव्वद किलोच्या गड्याने बारीक खाचांच्या नादाला लागू नये. मोठ्या, गोलसर पकडी, उघडा हात आणि जमिनीपासून दोन-तीन फुटांवर आडवं चालत जाणं, एवढं त्याला पुरतं. वाढत्या वयाच्या पोरांच्या बोटांची हाडं अजून जुळत असतात, त्यांना बोटांवर लोंबकळण्याचे कठोर व्यायाम देऊच नयेत. मोठ्यांनीही कातळावर चढावं ते आठवड्यातून एक-दोनदा, कुस्तीचा सराव झाल्यावर, तेही स्पर्धा लांब असताना. चढण्यात सगळं ओढणं असतं, म्हणून त्याला उतारा जोरांचा. तो आपल्याकडे आधीपासून आहेच.

शिवाय कातळ उलटा डाव टाकत नाही. तो मान दाबत नाही, खोटी हूल देत नाही, अंगावर येत नाही. त्यावर कितीही चढलं तरी धोबीपछाड येणार नाही. कातळाने हात तयार होतील, कुस्ती मात्र माणसाशीच शिकावी लागेल.

आमचा दगड तसा बेभरवशाचाही आहे. दख्खनचा कातळ जागोजागी सुटा असतो, हातात आलेली कड तशीच निघून येते. कड्यांच्या कपारीत आग्या मोहोळं असतात. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा दगडाला हात लावणंही शक्य नसतं. म्हणून दिवाळी ते होळी हाच मोसम, आणि वेळ सकाळची. उंच चढायचं तर दोर, शिरस्त्राण आणि जाणता माणूस बरोबर हवाच. आम्ही पोरांनी यातलं काहीही न पाळता लळिंगला जे केलं, ते आठवून आज अंगावर काटा येतो. तेव्हा हात-पाय शाबूत राहिले ते नशिबाने, आणि नशीब काही व्यायामाची पद्धत होऊ शकत नाही.

मग तेव्हाचं सगळं चांगलं होतं का? तेव्हाच्या तालमीत मुलीला उंबरठ्याच्या आत पाऊल टाकता येत नव्हतं. 2023 मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. आज गावच्या दंगलीत मुलींची कुस्ती लागते तेव्हा गर्दी हलत नाही. लळिंगच्या दगडांवरही मी पाहिलं आहे की अंगाने हलक्या असलेल्या मुली मुलांपेक्षा लवकर शिकतात, कारण त्या जोरावर विसंबत नाहीत, पाय कुठे ठेवायचा ते आधी पाहतात. कुस्तीत खानदेशचं नावही मागे पडलेलं नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले. तेव्हा आमच्या पिढीतली माणसं पेढे वाटत फिरत होती. गुडघे दुखत होते, तरी फिरत होती.

मला जुनी हलाखी परत नको आहे. पऱ्हाट्या ट्रॅक्टरनेच जाव्यात, विहिरीवर मोटारच चालावी. पण त्या कामांनी जे हात घडवले, ते आता जाणूनबुजून घडवावे लागतील, हे तालमी चालवणाऱ्यांनी मान्य करायला हवं. त्याला फार पैसा लागत नाही. मलखांब आपलाच, रस्सा बाजारात मिळतो, आणि कातळ तर देवाने गावाबाहेर मैलोन्‌मैल मांडून ठेवला आहे.

तालमीच्या नव्या इमारतीसाठी पोरं वर्गणी मागायला घरी येतात. मी देतो, मात्र आधी सामानाची यादी वाचून घेतो. छताला रस्सा आणि कोपऱ्यात मलखांब असेल, शिवाय मोसमात महिन्यातले दोन रविवार जाणत्या माणसाबरोबर लळिंगला न्यायचं कबूल असेल, तर सांगाल तो आकडा. यादीत नुसते आरसे आणि ट्रेडमिल असतील, तर पावती दुसऱ्याच्या नावाने फाडा.